आप्पांच्या नावावर लिहा

गोठणपूरच्या एसटी स्टँडवर आप्पा मोहित्यांनी उभी हयात वाहतूक नियंत्रक म्हणून काढली. कंट्रोल केबिनमध्ये माइक होता, पण तो बहुधा बंदच असायचा, आणि तो दुरुस्त करून घ्यावा असं आप्पांना कधी वाटलं नाही, कारण त्यांना त्याची गरजच नव्हती. खिडकीतून डोकं बाहेर काढून त्यांनी 'विटा गाडी, फलाट तीन' असं म्हटलं की पलीकडच्या आळीतल्या घरात बसलेल्या माणसालाही आपल्याला विट्याला जायचं होतं की काय अशी शंका यायची. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली तरी आवाज काही रिटायर झाला नाही. जेवताना त्यांनी मीठ मागितलं तर शेजारच्या सुरेखावहिनी दार उघडून विचारायच्या, "मी देऊ का?"

या आवाजाचा आप्पांना आयुष्यभर अभिमान होता. नात झाली आणि तो उतरला.

मुलगी स्वरूपा परदेशात होती. कुठल्या देशात ते मी सांगत नाही. उद्या मलाच तिकडचा व्हिसा लागला तर काय घ्या. तिची मुलगी अन्वी आठ-नऊ महिन्यांची होती आणि तिची व आप्पांची भेट फक्त पडद्यावर व्हायची. आप्पा मोठ्या मायेनं म्हणायचे, "काय गं चिमणे?" की चिमणीचा ओठ खाली यायचा, डोळे भरायचे आणि ती भोकाड पसरायची. स्वरूपानं आवाज कमी करून बघितला, तर आजी, म्हणजे मोहिते काकू, ऐकू येईनात. शेवटी असं ठरलं की आजीनं बोलायचं आणि आप्पांनी नुसता हात हलवायचा. सगळ्या स्टँडला आवाजावर नाचवणारा माणूस पडद्यापुढं हात हलवत बसायला लागला. त्यांना ते फार लागलं होतं.

त्यातून जावळाचा प्रश्न होता. बाळाचे पहिले केस मामाच्या मांडीवर काढतात. स्वरूपाला भाऊ नाही, तेव्हा मामाच्या जागी आजोबांनी बसायचं आणि त्यासाठी आप्पा-काकूंनी तिकडं जायचं, असं सगळ्यांच्या संमतीनं ठरलेलं. दोघांचा मिळून एकच अर्ज केला होता. व्हिसा काही येईना आणि केस काही थांबेनात. ते आता अन्वीच्या डोळ्यांवर आले होते आणि पडद्यावर ती पडद्यामागून बघितल्यासारखी बघायची.

व्हिसा अडला होता तो स्वभावपत्रावर.

आता हे स्वभावपत्र म्हणजे काय ते सांगायला हवं. त्या काळात माणसं जे काही शोधायची ते 'थांग' नावाच्या शोधयंत्रावर. थांगला प्रश्न विचारला की उत्तर मिळायचं आणि थांगकडे तुमचा प्रश्न राहायचा. असे हजारो प्रश्न जमले की माणूस कसा आहे याचं एक चित्र तयार होतं. तुम्ही लोकांना काय सांगता त्यावरून नव्हे, तर तुम्हाला काय माहीत नाही आणि कशाची भीती वाटते त्यावरून. त्या चित्राला म्हणायचं स्वभावपत्र. नोकरी, विमा, कर्ज, व्हिसा, सगळीकडे ते मागायला लागले होते. पूर्वी चारित्र्याचा दाखला मागायचे तसाच हा, फक्त देणारा तलाठी नव्हता.

शिवाय थांगची 'कुटुंब योजना' होती. तीत एका घरातली सगळी यंत्रं एकमेकांशी बोलायची, काळजीपोटी. आप्पांच्या सोसायटीतल्या निकम सरांनी एकदा आपल्या फोनवर मूळव्याधीबद्दल काहीतरी विचारलं, तर संध्याकाळी त्यांच्या फ्रिजनं 'आज तिखट नको' असं घरच्यांना सांगितलं आणि पुण्याच्या जावयानं इसबगोल पाठवून दिलं. तेव्हापासून गोठणपुरात ज्याला काही खरोखरच विचारायचं असेल तो सार्वजनिक वाचनालयात जायला लागला. तिथं मागच्या खोलीत, दिवाळी अंकांच्या कपाटाआड, की-बोर्डवाला एक जुना संगणक होता. त्यावर वाचनालयाच्या कार्डाचा नंबर टाकला की थांग उघडायचा. घरी काही कळायचं नाही.

आणि आप्पांच्या या समाधान सोसायटीतला प्रत्येक जण तिथं जो नंबर टाकायचा तो आप्पांचा.

याचं कारण जुनं होतं. वाचनालय स्टँडच्या समोर. सोसायटीतल्या मंडळींना कॉलेजला, कचेरीला जायची घाई; पुस्तक परत करायचं असलं की ती केबिनच्या खिडकीतून आत सरकवायची आणि आप्पा दुपारी सगळा गठ्ठा घेऊन समोर जायचे. मग नवीन पुस्तकंही त्यांच्याच कार्डावर यायला लागली. काउंटरवर पुस्तक ठेवून 'आप्पांच्या नावावर लिहा' म्हटलं की काम व्हायचं. वेगळं कार्ड काढावं हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. सोसायटीत जन्मलेली पोरं मोठी होऊन पदवीधर झाली तरी तीही आप्पांच्याच नावावर वाचत होती. कुणीतरी एकदा एक जाडजूड विज्ञानकोश गाडीत विसरला, तेव्हा आप्पांनी कोण, काय न विचारता तसाच दुसरा आणून दिला. "माझ्या नावावर हुता न्हवं? मग माझाच हरवला," असं ते म्हणाले होते. पुस्तकांपुरतं हे छान चाललं होतं. संगणक आला तेव्हा तीच सवय पुढं चालू राहिली, आणि थांगच्या समजुतीप्रमाणे एक कार्ड म्हणजे एक माणूस.

मंगळवारी सकाळी वकिलातीचं पत्र आलं. आप्पांनी ते सेवा केंद्रातून कागदावर छापून आणलं, गॅलरीत खुर्ची टाकली आणि काकूंना ऐकू जावं म्हणून वाचायला सुरुवात केली.

"अर्जदार श्री. सदाशिव मोहिते यांनी पुढील शोधांबाबत खुलासा करावा. एक. लग्नानंतर पंधरा वर्षांनी दिवस राहिल्यास घ्यावयाची काळजी."

स्वयंपाकघरातून काकू बाहेर आल्या. "काय राहिल्यास?"

"दिवस. थांब, पुढं ऐक. दोन. घरात रात्री भांडी आपोआप वाजण्याची कारणे. तीन. भूत नसते हे माहीत असूनही भीती वाटत असेल तर काय करावे. चार. वडिलांना न कळवता नोंदणी विवाह करायचा झाल्यास साक्षीदार किती लागतात. पाच—"

काकूंनी कागद हिसकावून घेतला. पण उशीर झाला होता. समाधान सोसायटीत एकामागून एक दारं लागल्याचे आवाज आले. खाली कुणाची तरी बादली भरून वाहायला लागली होती आणि नळ बंद करायला कुणी येत नव्हतं.

काकूंनी उरलेलं मनात वाचलं. जामीन कसा मिळतो. टकलावर शेणाचा उपयोग. उंदराचं औषध चुकून माणसानं खाल्लं तर. "अगं बाई," असं म्हणत त्या यादीत खाली येत होत्या आणि मध्येच एकदम गप्प झाल्या. त्यांनी कागदाची घडी घालायला घेतली, तशी आप्पांनी ती परत ओढली. काकूंचं बोट जिथं थांबलं होतं तिथं लिहिलं होतं : मोठ्याने बोलणाऱ्या माणसाजवळ राहून कान खराब होतात का.

आप्पांनी चष्म्यावरून बघितलं. "ही तू?"

"व्हय."

"मग काय उत्तर आलं?"

"हुत्यात म्हणून."

त्या ओळीच्या खाली आणखी एक ओळ होती, ती काकूंनी वाचायच्या आत आप्पांनी कागद खिशात घातला. 'बाळ घाबरू नये म्हणून हळू कसे बोलावे.' सगळ्या पत्रात आप्पांची स्वतःची अशी ती एवढीच होती. महिनाभर ते मागच्या खोलीत जाऊन थांगनं सांगितलेला सराव करत होते. छातीवर तळवा ठेवायचा, श्वास अर्धा सोडायचा आणि उरलेल्या श्वासावर बोलायचं. बाहेर काउंटरवर बसलेल्या ग्रंथपाल हर्षदा बर्गे यांना रोज दुपारी आतून 'काय गं चिमणे, काय गं चिमणे' असं स्वच्छ ऐकू यायचं. त्यांनी ते कुणाला सांगितलं नव्हतं.

त्या दुपारी आप्पा पत्र घेऊन हर्षदाबाईंकडेच गेले.

"हे सगळं माझं न्हाई, हे तर तुम्हाला म्हाईतच हाय," ते म्हणाले. वाचनकक्षात पेपर वाचत बसलेल्या तिघांनी माना वर केल्या. हर्षदाबाईंनी त्यांना मागच्या खोलीत नेलं आणि दार लावलं. त्यानं फारसा फरक पडला नाही.

"मला माहीत आहे, पण वकिलातीला नाही," त्या म्हणाल्या. "थांगला मात्र माहीत आहे, आप्पा."

"त्याला कसं?"

हर्षदाबाईंनी की-बोर्ड पुढं ओढला. "प्रत्येकाची टाइप करायची चाल वेगळी असते. एका अक्षरावरून दुसऱ्यावर जायला लागणारा वेळ, बोट किती वेळ दाबून धरलं, माणूस शब्दाच्या मध्ये थांबतो की शेवटी, चुकलं की एक अक्षर खोडतो की अख्खा शब्द. हे सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत मोजलं जातं. वीस-पंचवीस शब्द मिळाले की कोण टाइप करतंय ते थांगला कळतं. नाव सांगायची गरजच नसते."

"म्हंजे जिन्यात चपलांच्या आवाजावरनं कोण आलं ते कळतं, तसं."

"अगदी तसंच. घरी फोनवर तीच बोटं चालतात आणि तिथं नावही असतं. ही चाल आणि ती चाल जुळवली की झालं."

"मग आजवर जुळवली का न्हाई?"

"जुळवलेली आहे. फक्त कार्ड तुमच्या नावावर असल्यामुळे कायद्यानं सगळं तुमच्या खात्यावर पडतं. कार्डधारकानं परवानगी दिली तरच ते वेगळं करता येतं." त्यांनी पडद्यावर एक हिरवं बटण दाखवलं. त्यावर लिहिलं होतं, 'वेगळे करा'. "हे दाबलंत की ज्याचं त्याला जाईल. तुमचं स्वभावपत्र स्वच्छ होईल आणि व्हिसा आठवड्यात येईल."

आप्पांचा चेहरा खुलला. त्यांना डोळ्यांपुढं अन्वीचे केस दिसले, मांडी दिसली, कात्री दिसली. "मग दाबायचं की," असं म्हणत त्यांनी बोट पुढं केलं, आणि जुन्या सवयीनं विचारलं, "ज्याचं त्याला म्हंजे कुठं?"

"ज्याच्या त्याच्या स्वभावपत्रात. तिथून त्यांच्या घरच्या कुटुंब योजनेत. मग ऑफिस, विमा कंपनी, ज्यांनी मागितलं असेल तिथं."

आप्पांचं बोट होतं तिथंच राहिलं.

"मी यावर मत देणार नाही," हर्षदाबाई म्हणाल्या. "कोण काय वाचतं ते ग्रंथपालानं बोलायचं नाही, हा आमचा पहिला धडा. पण थांगवाल्यांनी हे यंत्र भेट दिलं तेव्हा त्याला हार घालून मीच फोटो काढून घेतला होता. तेव्हा मला बोलायचा तसा अधिकारही नाही."

"उद्या येतो," आप्पा म्हणाले.

संध्याकाळपासून समाधान सोसायटीत आप्पांकडे रीघ लागली. पहिले आले निकम सर, निवृत्त मुख्याध्यापक. भूत, भानामती, बुवाबाजी यांच्याविरुद्ध तालुकाभर व्याख्यानं देणारा हा माणूस. स्मशानात बसून भेळ खाल्ल्याचा त्यांचा फोटो अजून शाळेत लावलेला आहे. ते खुर्चीच्या कडेवर बसले.

"माझ्या एका परिचितांनी," सर म्हणाले, "निव्वळ अभ्यासासाठी काही शोध घेतले असण्याची शक्यता आहे. तुमच्या कार्डावर."

"भांड्यांचं?"

"तात्त्विक अंगानं," सर म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "आप्पा, वरच्या मजल्यावर तुम्हाला कधी काही ऐकू येतं का हो?"

"सर, मला माझ्या आवाजापुढं काय ऐकू यायचंय?"

सर थोडे निवांत होऊन गेले. त्यांच्यामागून सुरेखावहिनी आल्या. त्यांनी डाळिंब्यांच्या उसळीची वाटी टेबलावर ठेवली. त्या बसल्या नाहीत, आणि पदर मात्र नेहमीपेक्षा जरा जास्त लपेटून घेतलेला होता. "आप्पा, माझं नोकरीचं कंत्राट पुढच्या महिन्यात नवं व्हायचंय," एवढंच त्या म्हणाल्या. "त्यांना कळलं तर करायचे नाहीत. आणि घरी मी अजून सांगितलेलं नाही. मागं दोनदा सगळ्यांना सांगून बसले होते." पुढचं काकूंना ठाऊक होतं. काकू उठल्या, त्यांनी वहिनींना दारापर्यंत सोडलं आणि बराच वेळ जिन्यात उभ्या राहिल्या.

शेवटी आली अश्विनी, निकम सरांची मुलगी. ती मात्र सरळ मुद्द्यावर आली. "आप्पा, साक्षीदारांचं मी विचारलं होतं."

"पोरगा कोण?"

"राहुल वाघमारे. डेपोत मेकॅनिक आहे."

"आरं, राहुल!" आप्पांचा आवाज चढला तशी काकूंनी त्यांच्या गुडघ्यावर चापट मारली. ते खाली आले, म्हणजे त्यांच्या मानानं. "चांगला पोरगा हाय की. आणि तुझे वडील तर आंतरजातीय लग्नाच्या बाजूनं बोलत्यात."

"व्याख्यानात," अश्विनी म्हणाली. "मी त्यांना सांगणारच आहे, आप्पा. कधी, कसं, कुठल्या शब्दांत, ते माझं मी ठरवलंय. मला भीती वाटते ती त्यांची नाही. त्यांना ते फ्रिजकडून कळायला नको."

ती गेल्यावर दोघं नवराबायको बराच वेळ बसून राहिले. उसळ गार झाली.

"तू काय म्हणतीस?" आप्पांनी विचारलं.

"माझी बी बोटं हायेत त्यात," काकू म्हणाल्या. "मला इचारू नका. मला पोरीला मांडीवर घ्यायचंय आणि त्या सुरेखाकडं बघवत न्हाई. दोन्ही खरंच हाय."

दुसऱ्या दिवशी आप्पा वाचनालयात गेले आणि मागच्या खोलीत एकटेच बसले. पडद्यावर हिरवं बटण होतं. नातीला भेटायचं असेल तर ते दाबायचं, इतकी सोपी गोष्ट. लोकांनी आपलं कार्ड वापरलं, त्यात आपला काय दोष? कुणी आपल्याला विचारून भुताची चौकशी केली होती? त्यांना सगळ्यांचा राग आला, निकम सरांचा जास्त. मग त्यांना पडद्यापुढं नुसता हात हलवणारे आपण आठवलो आणि इतकं वाईट वाटलं की रडूच यायला लागलं. पण आप्पांचं रडणंही वाचनकक्षात ऐकू गेलं असतं, म्हणून त्यांनी ते गिळलं.

बाहेर काउंटरवर कुणीतरी आलं. "आप्पांच्या नावावर लिहा," असं कुणीतरी म्हणालं आणि शिक्का मारल्याचा आवाज झाला. आप्पांनी संगणक बंद केला.

घरी काकू दारातच उभ्या होत्या. "दाबलं?"

"न्हाई."

"बरं केलं," काकू म्हणाल्या आणि आत गेल्या. लगेच मिक्सर सुरू झाला. तो बराच वेळ चालू होता. आप्पा पाणी प्यायला आत गेले तेव्हा त्यांना दिसलं की भांड्यात काही घातलेलंच नाही. ते पाणी न पिता परत फिरले.

मुलाखत सेवा केंद्रातल्या काचेच्या खोलीत झाली. पडद्यावर तिकडची एक तरुण अधिकारी बाई होती, गोरी, थकलेली, कानाला हेडफोन लावलेली. ती तिच्या भाषेत बोलायची आणि यंत्र ते मराठीत करून द्यायचं. यंत्राचं मराठी सरकारी होतं.

"अर्जदार महोदय, या शोधांबाबत आपला खुलासा काय?"

"सगळे माझे," आप्पा म्हणाले.

बाईनं हेडफोन काढून कान चोळला आणि आवाज कमी करून पुन्हा लावला. "सगळे?"

"माझ्या नावावर हायेत न्हवं? मग माझेच."

बाईनं कागद वर-खाली केला. "आपण गर्भवती आहात काय?"

काचेबाहेर रेशनकार्डासाठी उभी असलेली रांग आत वळून बघायला लागली. "तशी काळजी घेतोय," आप्पा म्हणाले.

"आपल्या निवासस्थानी भूत आहे काय?"

"भूत नसतं. भीती असते."

"वडिलांना न कळवता विवाह करण्याचा आपला मानस आहे?"

"वडील वारले, बाई. कळवायचं कुणाला? पण साक्षीदार तीन लागत्यात, ते मला आता पाठ झालंय."

"जामीन कोणाला हवा आहे?" या प्रश्नाला आप्पा अडखळले, कारण ते त्यांनाही जाणून घ्यायचं होतं आणि आजतागायत कळलेलं नाही. "हवाच असला तर मला," ते म्हणाले.

बाईच्या तोंडाचा कोपरा हलला. तिनं टेबलावरचं काहीतरी बाजूला सारलं आणि हळू बोलली. यंत्रानंही हळू सांगितलं. "अर्जदार महोदय, हे अनेक जणांचे शोध आहेत हे मला दिसते. आपण एक बटण दाबल्यास प्रश्न सुटेल. आपण ते का दाबत नाही?"

आप्पांनी जरा विचार केला. "मी स्टँडवर हुतो, बाई. कोण कुठल्या गाडीत चढलं, कुणाबरोबर चढलं, सगळं मला दिसायचं. गाडी कुठं चाललीय ते मी ओरडून सांगायचो. माणूस कुठं चाललाय ते मी कधी सांगितलं न्हाई."

यंत्राला हे भाषांतरित करायला वेळ लागला. बाईनं ते शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाली, "मला फार खेद आहे," आणि पडदा गेला.

निकाल आला तो असा : 'अर्जदार ही एकच व्यक्ती असण्याची शक्यता अत्यल्प आहे. एकापेक्षा अधिक व्यक्ती असलेल्या व्यक्तीस व्हिसा देण्याची तरतूद नाही. अर्ज नामंजूर.' सोबत शोधांची पूर्ण यादी, आणि प्रत माहितीसाठी निमंत्रकाला, म्हणजे स्वरूपाला.

रविवारी स्वरूपाचा फोन आला. ती हसून हसून बेजार झाली होती. "आप्पा, टकलाला शेण? तुम्हाला तर अजून कंगवा लागतो. आणि आईचं मी लगेच ओळखलं, कानांचं." आप्पा ठरल्याप्रमाणे नुसता हात हलवत होते. ती वाचत वाचत यादीच्या तळाशी आली आणि हसता हसता थांबली. इतक्या जणांच्या गर्दीत ती एक ओळ कुणाची हे ओळखायला तिला बोटांची चाल मोजावी लागली नाही.

"आप्पा, हे हळू बोलायचं तुम्ही विचारलंत ना?"

आप्पांनी काकूंकडे बघितलं. "सगळंच मी इचारलंय. तसं लिहून घेतलंय त्या बाईनं."

"आप्पा."

आप्पांनी परत हात हलवला. स्वरूपा डोळे पुसत पडद्याबाहेर गेली आणि तिच्या जागी केसांच्या झिपऱ्यांतून अन्वी आपली बघत राहिली. मग स्वरूपा परत आली. "रजेचं मी बघते," ती म्हणाली. "तिथंच काढू जावळ."

जावळ समाधान सोसायटीच्या हॉलमध्ये झालं. हर्षदाबाई वाचनालय दुपारपुरतं बंद ठेवून आल्या. सुरेखावहिनींना आता पदर लपेटून भागण्यासारखं नव्हतं आणि त्या तो लपेटतही नव्हत्या. कंत्राट नवं झाल्यावर आठवड्यानं त्यांनी स्वतःच पेढे वाटले होते. अश्विनीनं वडिलांना तिच्या पद्धतीनं सांगितलं होतं. सर चार दिवस जेवले नाहीत, पाचव्या दिवशी स्वतःचंच एक जुनं व्याख्यान काढून वाचत बसले, आणि आता हॉलच्या मागच्या बाजूला राहुलशेजारी अवघडून उभे होते. त्यांच्या घरातलं भांड्यांचं वाजणं राहुलनंच बंद केलं होतं. गच्चीवरच्या पाण्याच्या पाइपचा आधार सुटला होता, एवढंच.

आप्पा पाटावर बसले. स्वरूपानं अन्वीला त्यांच्या मांडीवर ठेवलं. न्हाव्यानं कात्री पुढं केली आणि ती बघताच अन्वीचा ओठ खाली आला. हॉलमधली सगळी माणसं गप्प झाली. सगळ्यांना आप्पा आता काय करणार ते माहीत होतं. काकूंनी तर कानांवर हात नेलाही होता.

आप्पांनी एक तळवा छातीवर ठेवला. अर्धा श्वास सोडला. मग नातीच्या कानाशी वाकले आणि काहीतरी बोलले.

अन्वीनं रडायचं सोडून त्यांच्याकडे बघितलं. मग हात वर करून त्यांचा चष्मा धरला. कात्री चालायला लागली आणि पहिली बट ताटात पडली. काकूंनी कानांवरचे हात काढून डोळ्यांना लावले.

"आप्पा," मागून निकम सर म्हणाले, "जरा मोठ्यानं बोला. इकडं काही ऐकू आलं नाही."

आप्पांनी मान वर केली नाही. "तुम्हाला न्हवतंच ते, सर," ते म्हणाले, आणि तेही हळूच.